दिवा लागतो, पिंग लागत नाही: कर्नल नव्याने बांधल्यानंतर तुटलेल्या नेटवर्कचे एक प्रकरण

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. तेथील संगणकांची देखभाल मी काही वर्षांपासून बाहेरून करतो. कारखान्याचा सर्व्हर म्हणजे कार्यालयातील कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेले, मॉनिटर आणि कीबोर्ड नसलेले एक लहान यंत्र असून त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली चालते. त्याला रिअलटेकची दोन नेटवर्क पोर्ट आहेत. एक इंटरनेट पुरवठादाराच्या राउटरला आणि दुसरे कार्यालयाच्या स्विचला जोडलेले आहे. कार्यालयातील संगणकांना इंटरनेट देणे, टॉवेलच्या डिझाइनच्या फाइली सर्वांना उपलब्ध करून देणे, मागांवरील काउंटरचे आकडे गोळा करणे आणि मला घरून आत येऊ देणे ही चारही कामे हे एकटे यंत्र करते. त्यामुळे ते बंद पडले की कारखान्यात एकच तक्रार होत नाही, चार वेगवेगळ्या तक्रारी होतात आणि प्रत्येकाला आपलीच तक्रार मूळ वाटते.

कर्नल, म्हणजे लिनक्सचा हार्डवेअर सांभाळणारा गाभा, नव्याने बांधण्याचा विषय काउंटरवरून निघाला. चोवीस यंत्रमागांवर बसवलेले काउंटर आरएस-४८५ या औद्योगिक जोडणीच्या एकाच तारेवर आहेत. सर्व्हरला लावलेला यूएसबी कन्व्हर्टर त्यांना एकामागोमाग एक विचारत जातो, आणि चोवीस मागांची एक फेरी पूर्ण व्हायला जवळजवळ पाऊण ते एक सेकंद लागत असे. मालकांची अपेक्षा अर्ध्या सेकंदाची होती, कारण ताणा तुटून माग थांबला आणि जॉबरने (माग सांभाळणाऱ्या कारागिराने) तो लगेच जोडून पुन्हा सुरू केला, तर तो छोटा खंड नोंदीतून निसटत होता. डेबियनच्या कर्नलमध्ये टायमरचे ठोके सेकंदाला २५० असतात, ते १००० केले तर ही फेरी आटोपशीर होईल, असा माझा तर्क होता. हा तर्क कितपत बरोबर होता ते पुढे येईलच, पण त्या वेळी मला तो इतका पटला होता की दुसरे काही तपासून पाहण्याची गरजच वाटली नाही.

सर्व्हरचा प्रोसेसर अशक्त असल्याने कर्नल त्यावर बांधणे मी टाळले आणि जुळे सोलापूरमधील माझ्या घरच्या संगणकावर बांधला. तेथेही डेबियन १२ च होते, कर्नलची ६.१ ही मालिकाही तीच होती. डेबियनचा मूळ कॉन्फिग (कर्नलमध्ये काय काय घ्यायचे याची यादी) घेऊन सगळा कर्नल बांधायचा म्हणजे हजारोंच्या संख्येने मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये गरजेनुसार चढवायचे सुटे भाग, कंपाइल करावी लागतात, आणि त्यांतली बहुतेक त्या यंत्राला कधीही लागणार नसतात. हा वेळ वाचवण्यासाठी कर्नलच्या स्रोतातच 'लोकलमॉडकॉन्फिग' नावाची सोय आहे. ती २००९ साली २.६.३२ या आवृत्तीत आली. ती त्या क्षणी चढलेल्या मॉड्यूलची यादी पाहते, त्यांना लागणारे पर्याय कॉन्फिगमध्ये ठेवते आणि मॉड्यूल म्हणून निवडलेले बाकीचे सर्व पर्याय काढून टाकते. कर्नलच्या पोटातच बांधलेल्या पर्यायांना ती सहसा हात लावत नाही. मी ती चालवली, टायमरचा पर्याय बदलला, पावणेदोन तासांत डेबियनची पॅकेजेस तयार झाली, ती सर्व्हरवर पाठवली, बसवली आणि शनिवारी रात्री साडेदहाच्या सुमारास सर्व्हर रीस्टार्ट केला.

त्यानंतर सर्व्हरकडून काहीच उत्तर आले नाही. दहा मिनिटे वाट पाहून मी रात्रपाळीच्या जॉबरना फोन केला. हे गृहस्थ वयाने माझ्याहून बरेच मोठे आहेत आणि त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी कार्यालय उघडून पाहिले आणि सांगितले, "सर, मशिन चालू हाय, पाठीमागची लाईट बी लागलीय, दोन्हीकडची. पण नेट काय लागंना." मी त्यांना कार्यालयातील विंडोजच्या संगणकावरून सर्व्हरला पिंग करून, म्हणजे उत्तर येते का ते पाहणारे पॅकेट पाठवून, पडद्यावर काय येते ते अक्षर अक्षर वाचायला सांगितले. त्यांनी वाचलेला संदेश 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' हा होता, आणि तो त्याच संगणकाच्या स्वतःच्या पत्त्यावरून आलेला होता.

या दोन माहितींचा अर्थ नीट लावणे महत्त्वाचे होते. त्यांतली दिव्याची माहिती दिशाभूल करणारी होती. पोर्टजवळचा दिवा लागला म्हणजे कार्ड आणि स्विच यांची विजेच्या पातळीवर एकमेकांशी ओळख पटली एवढेच सिद्ध होते. अनेक कार्डांमध्ये ही ओळख कार्डावरची चिप स्वतःच पटवून घेते, त्यासाठी कर्नलमध्ये ड्रायव्हर असण्याची गरज नसते. पिंगचा संदेश मात्र उपयोगाचा होता. फायरवॉलने पिंग अडवला असता तर 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' असे आले असते, कारण पिंग अडवणारी नेहमीची फायरवॉल एआरपीला, म्हणजे आयपी पत्त्यावरून हार्डवेअर पत्ता विचारण्याच्या पद्धतीला, अडवत नाही. त्यामुळे विचारणाऱ्या संगणकाला सर्व्हरचा हार्डवेअर पत्ता मिळतो, पॅकेट पाठवले जाते आणि नुसते उत्तर येत नाही. येथे एआरपीलाच उत्तर नव्हते. म्हणजे बिघाड आयपीच्या नियमांत किंवा फायरवॉलमध्ये नव्हता, त्याच्याही खाली होता. मोटारसायकल काढताना माझ्या मनात एवढे निश्चित झाले होते, आणि पुढची पंचेचाळीस मिनिटे मी हे निश्चित झालेले विसरलो नसतो तर बरे झाले असते.

कारखान्यात पोचल्यावर लेखा विभागाचा मॉनिटर आणि कीबोर्ड उचलून सर्व्हरला लावला. यंत्र व्यवस्थित सुरू झालेले होते, लॉगिन येत होते, डिस्क दिसत होती. याच गोष्टीने मला घरी असताना खोटा धीर दिला होता. नवा कर्नल बिघडलेला असेल तर तो सुरूच होणार नाही, अशी आपली ढोबळ समजूत असते. प्रत्यक्षात यंत्र सुरू व्हायला डिस्कचा ड्रायव्हर, फाइल सिस्टिम आणि पडदा एवढे पुरते. माझ्या घरचा संगणक आणि हा सर्व्हर या तिन्ही बाबतींत सारखे होते. दोघांतही सॅटा डिस्क, दोघांवरही ईएक्सटी४ आणि दोघांतही इंटेलचेच ग्राफिक्स होते. फरक नेटवर्कच्या कार्डात होता आणि त्याच्याशिवाय कर्नल आनंदाने सुरू होतो.

लॉगमध्ये नेटवर्क सुरू करणाऱ्या सेवेची तक्रार होती की 'ईएनपी२एस०' नावाचे उपकरण सापडत नाही. येथे मी घसरलो. इंटरफेसचे नाव बदलले असावे, असे मी गृहीत धरले. २०१३ च्या जानेवारीत आलेल्या सिस्टिमडीच्या (लिनक्समधील सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेच्या) १९७ व्या आवृत्तीपासून इंटरफेसचे नाव पीसीआय बसवरच्या, म्हणजे कार्डे जोडणाऱ्या अंतर्गत मार्गावरच्या, जागेवरून ठरू लागले आणि जुने 'ईथ०' मागे पडले. बसची मोजणी बदलली तर हे नावही बदलू शकते आणि सेटिंगच्या फाइलीतले जुने नाव निरर्थक होते. हा प्रकार मी यापूर्वी दोनदा पाहिला होता, त्यामुळे तिसऱ्यांदाही तोच असणार असे वाटले आणि मी सेटिंगच्या फाइलीत वेगवेगळी नावे घालून बघत बसलो. अनुभव असा आडवा येतो. इंटरफेसची यादी दाखवणारी एक आज्ञा आधी दिली असती, तर तेव्हाच कळले असते की बदललेले नावच काय, तेथे कोणतेही नेटवर्क कार्ड नव्हते. यादीत फक्त यंत्राचे अंतर्गत 'लो' आणि माझ्या वायरगार्डचे, म्हणजे घरून आत येण्याच्या सुरक्षित बोगद्याचे, 'डब्ल्यूजी०' होते.

हे 'डब्ल्यूजी०' पाहून हसावे की रडावे ते कळेना. वायरगार्ड ५.६ पासून, म्हणजे २०२० पासून, मूळ कर्नलचाच भाग आहे आणि डेबियनमध्ये ते मॉड्यूल म्हणून येते. कॉन्फिग छाटताना मी घरून वायरगार्डनेच या सर्व्हरशी जोडलेलो होतो, म्हणून ते मॉड्यूल माझ्या संगणकावर चढलेले होते आणि छाटणीतून वाचले. बोगदा शाबूत राहिला होता, ज्या रस्त्याखालून तो जायचा तो रस्ताच उखडला गेला होता.

मग पीसीआयची यादी ड्रायव्हरच्या तपशिलासह काढली. दोन्ही कार्डे तेथे दिसत होती, त्यांचा १०ईसी:८१६८ हा क्रमांकही बरोबर होता. पण एरवी प्रत्येक उपकरणाखाली 'कोणता ड्रायव्हर वापरात आहे' आणि 'कोणते मॉड्यूल उपलब्ध आहे' अशा ज्या दोन ओळी येतात, त्या दोन्ही या कार्डांखाली नव्हत्या. या दोन ओळींमधला फरक सावकाश समजून घेण्यासारखा आहे. पहिली ओळ नसेल आणि दुसरी असेल, तर मॉड्यूल डिस्कवर आहे पण चढलेले नाही. ते कोणी काळ्या यादीत टाकले आहे का, त्याचे फर्मवेअर मिळाले नाही का, ते चढताना काही चूक आली का, हे मग शोधायचे. दोन्ही ओळी नसतील, तर त्या कर्नलला हे कार्ड ओळखणारे काहीही माहीत नाही, आणि चढवण्याचे कितीही प्रयत्न केले तरी ते व्यर्थ आहेत. बूट फोल्डरमधली नव्या कर्नलची कॉन्फिग फाइल उघडली तेव्हा 'आर८१६९' या पर्यायापुढे स्पष्ट लिहिलेले होते की तो निवडलेला नाही. माझ्या घरच्या संगणकात इंटेलचे कार्ड आहे, त्याचा 'ई१०००ई' हा ड्रायव्हर मात्र नव्या कर्नलमध्ये जपून ठेवलेला होता. ज्या यंत्राला तो लागत नाही त्याला तो मिळाला होता, आणि ज्याला रिअलटेकचा हवा होता त्याला तो मिळाला नव्हता.

कारण सापडले होते. उपाय साधा वाटला. घरचा संगणक चालूच होता. माझ्या लॅपटॉपवरून मोबाइलच्या इंटरनेटने त्यावर जायचे, हरवलेला ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून बांधायचा, पेनड्राइव्हवर आणून सर्व्हरवर चढवायचा. मॉड्यूल बांधून झाले, पेनड्राइव्ह सर्व्हरला लावला, आणि सर्व्हरने त्याची दखलच घेतली नाही. यूएसबीला काहीतरी लागले आहे एवढी नोंद कर्नलने केली, डिस्क मात्र तयार झाली नाही. कर्नल छाटला त्या दिवशी माझ्या घरच्या संगणकाला पेनड्राइव्ह लावलेला नव्हता, म्हणून 'यूएसबी-स्टोरेज' हे मॉड्यूल चढलेले नव्हते, म्हणून तेही छाटले गेले होते. कीबोर्ड चालत होता, कारण घरी कीबोर्ड होता.

या क्षणी छाटणीचा खरा स्वभाव लक्षात आला, आणि या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे. ही सोय 'या यंत्राला काय लागते' हे विचारतच नाही, ती 'या घटकेला येथे काय चालू आहे' एवढेच पाहते. उन्हाळ्यात रात्री दारे उघडी टाकून झोपणाऱ्या घराची पाहणी करून कोणी ठरवावे की या घराला दारांची गरज नाही, तसा हा हिशेब आहे. यंत्राला जे रोज लागत नाही पण अडचणीच्या वेळी लागते, नेमके तेच अशा यादीत नसते.

पेनड्राइव्ह चालत नसेल तर जुना कर्नल हाच मार्ग उरतो. डेबियनची पॅकेजेस बसवताना जुना कर्नल काढला जात नाही, तो बूटच्या मेन्यूत राहतो. सर्व्हर रीस्टार्ट करून मेन्यूतून तो निवडला आणि दोन्ही पोर्ट मिनिटभरात जागी झाली. ही गोष्ट मी साडेअकरालाच केली असती आणि घरी जाऊन झोपलो असतो, तर कारखान्याचे काहीही अडले नसते. पण एकदा कारण हाती आले की दुरुस्ती तिथल्या तिथे करावी असा मोह होतो, आणि रात्री बारानंतर त्या मोहाला आवरणारे कोणी नसते.

जुन्या कर्नलवरून ड्रायव्हरची ती एकच फाइल मी सर्व्हरच्या डिस्कवर उतरवली, पुन्हा नव्या कर्नलमध्ये गेलो आणि ती हाताने चढवली. 'मॉड्यूलमध्ये अनोळखी चिन्ह' अशा अर्थाची चूक आली, आणि कर्नलच्या लॉगमध्ये 'पीएचवाय' ने सुरू होणाऱ्या नावांची रांग लागली. रिअलटेकचा ड्रायव्हर स्वयंपूर्ण नसतो. कार्डातील जो भाग तारेवर प्रत्यक्ष बोलतो, त्याची व्यवस्था कर्नलमधील 'लिबपीएचवाय' हे सामायिक मॉड्यूल पाहते. त्याच्याबरोबर 'एमडीआयओ_डेव्हरेस' लागते, आणि शिवाय 'रिअलटेक' याच नावाचे एक वेगळे मॉड्यूल लागते, जे नसेल तर ड्रायव्हर चढूनही कार्ड घ्यायला नकार देतो. इंटेलचा 'ई१०००ई' यांतले काहीच वापरत नाही, म्हणून माझ्या छाटलेल्या कर्नलमध्ये ही सगळी साखळीच नव्हती. 'इन्समॉड' ही आज्ञा दिलेली एक फाइल तेवढी चढवते. कोणाला कोण लागते याची नोंद 'डेपमॉड' तयार करते आणि ती वाचून 'मॉडप्रोब' सगळी साखळी क्रमाने चढवते. हे मला माहीत नव्हते असे नाही. पण एक फाइल आणून भागेल असे वाटण्याची ती वेळ होती.

चारही मॉड्यूल आणून, नोंद नव्याने तयार करून 'मॉडप्रोब' दिला तेव्हा कार्ड जागे झाले आणि सर्व्हरवरून बाहेरचा पिंग लागला. अण्णांनी चहा आणला. मी लॅपटॉप कार्यालयाच्या स्विचला लावला आणि इंटरनेट नव्हते.

आता लक्षणे वेगळी होती. लॅपटॉपवरून सर्व्हरला पिंग लागत होता, डिझाइनच्या फाइली उघडत होत्या, सर्व्हरवरून बाहेर जाता येत होते, फक्त लॅपटॉपवरून सर्व्हरच्या पलीकडे जाता येत नव्हते. पॅकेट पुढे सोडण्याची परवानगी चालू होती, ती तपासली. मग राउटरकडच्या पोर्टवर 'टीसीपीडंप' हे जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारे साधन लावले. लॅपटॉपची विनंती बाहेर पडत होती, पण तिच्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता आतल्या जाळ्यातला १९२.१६८ ने सुरू होणाराच होता, तो बदलला जात नव्हता. बाहेरच्या राउटरला हे आतले जाळे माहीत नाही, त्यामुळे उत्तर परत कोठे धाडायचे हे त्याला कळणार नव्हते. पत्ता बदलण्याचे काम एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलचे, आणि एनएफटेबल्सची सेवा सुरू होतानाच अपयशी ठरलेली होती. तिची तक्रार नेटलिंक सॉकेट उघडता येत नाही, हा प्रोटोकॉल उपलब्ध नाही, अशी होती. माझ्या घरच्या संगणकावर फायरवॉल नव्हती, म्हणून नेटफिल्टरची, म्हणजे फायरवॉलच्या कर्नलमधील भागाची, मॉड्यूल तेथे चढलेली नव्हती, आणि पुढचे सांगायला नको.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर होती आणि ती माझ्या उशिरा लक्षात आली. एनएफटेबल्सचे नियमच चढले नाहीत, म्हणजे पत्ता बदलण्याचा नियम जसा नव्हता तसा बाहेरून येणाऱ्यांना अडवणारा नियमही नव्हता. नियम नसतील तेव्हा कर्नल सगळ्यांना आत येऊ देतो. तो अर्धा-पाऊण तास सर्व्हर राउटरच्या बाजूने पूर्ण उघडा होता. पुढे पुरवठादाराचा राउटर स्वतःचे पत्त्यांचे भाषांतर करत असल्याने थेट इंटरनेटवरून कोणी आत येण्याचा संभव कमी होता, तरी हे माझ्या काळजीमुळे टळले नाही, मांडणी तशी होती म्हणून टळले. तेव्हापासून बाहेरचे पोर्ट सुरू होण्याआधी एनएफटेबल्सची सेवा यशस्वी झालीच पाहिजे, अशी अट मी सिस्टिमडीमध्ये घातली आहे. फायरवॉल नसेल तर नेटवर्कही नको.

सगळ्यात शेवटी काउंटर पाहिले. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप होता, त्यांचा यूएसबी कन्व्हर्टर एफटीडीआयच्या चिपचा आहे, आणि त्याचे 'एफटीडीआय_एसआयओ' हे मॉड्यूलही अर्थातच नव्या कर्नलमध्ये नव्हते. रात्रपाळीत चोवीस माग फिरत होते आणि त्यांची नोंद घेणारे कोणी नव्हते. सव्वादोन वाजता मी जुना कर्नल कायमचा पहिला ठेवून सर्व्हर सुरू केला. अण्णांनी मधल्या वेळच्या थांबण्याच्या नोंदी फळ्यावर खडूने लिहून ठेवल्या होत्या, त्या सकाळी वहीत उतरवून घेतल्या.

दुसऱ्या प्रयत्नाआधी आठवडाभर थांबलो. चार मॉड्यूल वरून आणून बसवलेला तो कर्नल पुढे वापरायचा नाही असे ठरवले. कर्नल एका कॉन्फिगने आणि मॉड्यूल दुसऱ्या कॉन्फिगने बांधली, तर ती चढतात म्हणून ती जुळतात असे होत नाही. कॉन्फिग बदलला की काही अंतर्गत रचनांचा आकारही बदलू शकतो, आणि मग बिघाड तासांनी किंवा दिवसांनी, भलत्याच ठिकाणी दिसतो. या वेळी मॉड्यूलची यादी सर्व्हरवरूनच घेतली, आणि तीही जुना कर्नल चांगले दोन दिवस चालू दिल्यानंतर. त्या दोन दिवसांत यंत्राला जे जे कधी लागू शकते ते सगळे मुद्दाम एकदा करून पाहिले. पेनड्राइव्ह लावला, बॅकअपची बाहेरची डिस्क लावली, अडीअडचणीला मोबाइलचे इंटरनेट केबलने देता यावे म्हणून फोन लावून तेही चालवून पाहिले, यूपीएसची यूएसबी तार जोडली. मॉड्यूल एकदा चढले की सहसा आपोआप उतरत नाही, त्यामुळे शेवटी घेतलेल्या एका यादीत सगळे येते. ती यादी फाइलीत ठेवून घरच्या संगणकावर 'लोकलमॉडकॉन्फिग'ला दिली. दुसऱ्या यंत्राची यादी देण्याची सोय तिच्यात आहे, तिचे नाव 'एलएसमॉड' हेच आहे, आणि पहिल्या वेळी मी ती वापरली नव्हती, हीच मूळ चूक. त्यानंतर कर्नलच्या स्रोतात येणाऱ्या 'डिफकॉन्फिग' या स्क्रिप्टने जुना आणि नवा कॉन्फिग समोरासमोर ठेवून नेटवर्क, नेटफिल्टर आणि यूएसबी यांचे गळलेले पर्याय डोळ्यांनी वाचले. कंटाळवाणे काम आहे, तास गेला. पण पुलाचे (दोन जाळी एकत्र जोडण्याचे) पर्याय आणि व्हीएलएएनचा (एकाच तारेवर वेगवेगळी जाळी चालवण्याचा) पर्याय तेव्हा परत घालता आले. आज ते लागत नाहीत, पण मालक दुसरी शेड बांधत आहेत.

बसवण्याची पद्धतही बदलली. ग्रबमध्ये, म्हणजे बूटचा मेन्यू दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, आधी शेवटचा जतन केलेला पर्याय वापरण्याची सेटिंग केली, जुना कर्नल जतन केलेला पर्याय म्हणून ठेवला, आणि 'ग्रब-रीबूट' या आज्ञेने नवा कर्नल फक्त पुढच्या एका वेळेसाठी निवडला. असे केले की नव्या कर्नलमध्ये काहीही बिघडले तरी पुढच्या रीस्टार्टला यंत्र आपोआप जुन्यावर येते. प्रश्न एवढाच उरतो की तो रीस्टार्ट कोण करणार. कर्नल कोसळला तर स्वतः रीस्टार्ट होण्याचा पर्याय त्याला देता येतो, पण आमचा कर्नल कोसळला नव्हता, तो सुखाने चालू होता आणि त्याला नेटवर्क नाही याचे त्याला काही वाटत नव्हते. म्हणून एक लहान टायमर लिहिला. यंत्र सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी तो राउटरला आणि कार्यालयाच्या स्विचमागील प्रिंटरला पिंग करतो, फायरवॉलचे नियम चढले आहेत का ते पाहतो, आणि तीनदा प्रयत्न करूनही यांतले काही चुकले तर यंत्र रीस्टार्ट करतो. हा टायमर कामाचा आहे का हे पाहण्यासाठी एका दुपारी मी जाणूनबुजून माझा पहिला, तुटका कर्नल एका वेळेसाठी निवडला आणि घरी बसून घड्याळ पाहत राहिलो. काही मिनिटांनी सर्व्हर डेबियनच्या जुन्या कर्नलवर परत आला, कपाटाजवळ कोणी गेले नाही.

नवा कर्नल या वेळी पहिल्या प्रयत्नात नीट सुरू झाला. दोन्ही पोर्ट, फायरवॉल, पेनड्राइव्ह, कन्व्हर्टर, सगळे होते. टायमरचे ठोके सेकंदाला १००० होते. काउंटरची फेरी मोजली, आणि ती पूर्वीइतकीच आली.

तेव्हा प्रथमच मी फेरीचा हिशेब कागदावर मांडला. काउंटर ज्या मॉडबस पद्धतीने बोलतात तिच्यात एका मागाला विचारायला ८ बाइट लागतात आणि एका रजिस्टरचे उत्तर ७ बाइटचे येते. सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाने एका बाइटला सुमारे १.०४ मिलिसेकंद, म्हणजे १५ बाइटचे सुमारे १५.६ मिलिसेकंद होतात, आणि मधली सक्तीची शांतता धरली तर एका मागाला वीसेक मिलिसेकंद. चोवीस मागांचे अर्धा सेकंद. उरलेला वेळ जातो कोठे, हे शोधताना एफटीडीआयच्या चिपचा लेटन्सी टायमर सापडला. आलेले बाइट ही चिप लगेच संगणकाकडे देत नाही. तिचा कप्पा ६२ बाइटने भरेपर्यंत किंवा टायमर संपेपर्यंत ती थांबते, आणि हा टायमर सुरुवातीला १६ मिलिसेकंदांचा असतो. आमचे उत्तर ७ बाइटचे, म्हणजे कप्पा कधीच भरणार नव्हता आणि प्रत्येक माग टायमर संपण्याची वाट पाहत होता. कर्नलच्या ठोक्यांचा याच्याशी काही संबंध नव्हता. खरे तर हाय-रेझोल्यूशन टायमर आल्यापासून प्रोग्रामच्या लहान झोपांची अचूकताही या ठोक्यांवर अवलंबून नसते.

सिसएफएसमधल्या (कर्नलच्या सेटिंग फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेतल्या) या टायमरच्या फाइलीत १६ च्या जागी १ लिहिला. फेरी अर्ध्या सेकंदाच्या आसपास आली. मग डेबियनच्या जुन्या, २५० ठोक्यांच्या कर्नलवर जाऊन तेच केले आणि तोच आकडा आला. कन्व्हर्टर लावताच ही किंमत आपोआप बसावी म्हणून यूडेव्हचा (जोडलेली उपकरणे ओळखणाऱ्या सेवेचा) एका ओळीचा नियम लिहिला.

त्यानंतर महिनाभराने मी स्वतः बांधलेला कर्नल सर्व्हरवरून काढून टाकला. डेबियनच्या कर्नलला सुरक्षेची अद्यतने आपोआप मिळतात, माझ्या कर्नलला ती मिळवून देण्यासाठी दर वेळी मला पुन्हा बांधणी करावी लागली असती. नेटवर्क तपासून रीस्टार्ट करणारा टायमर आणि फायरवॉलची अट मात्र तशीच ठेवली आहे, कारण डेबियनचा नवा कर्नल आला तरी त्यांचे काम तेच राहते. लेखा विभागाचा मॉनिटर आम्ही परत दिला. मालकांनी भंगारात निघालेला एक जुना मॉनिटर कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवून दिला आहे, आणि त्याच्या मागे अण्णांनी खडूने लिहिले आहे: 'सर्व्हरचा हाय, नेऊ नये.'